दाराबाहेरचा आवाज

रविवारी सकाळी लतिका सावे न्हाऊन केस पुसत होती, तेव्हा दाराबाहेर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. 'हा आपला हॉल. लहान आहे, पण दोघींना पुरून उरेल. आता इकडे लक्ष द्या, ही पश्चिमेची खिडकी.' पंचा धरलेला हात डोक्यावर तसाच राहिला. आवाज जरा चिरका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण तिचाच. 'लक्ष'वर पडणारा तो जोर वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून आलेला होता. नववीच्या मुली पाठीमागे त्याची नक्कल करून हसायच्या, हे तिला ठाऊक होतं. आपण आत उभ्या आहोत आणि बाहेर जिन्यात आपणच कुणाला तरी आपलं घर दाखवतो आहोत. क्षणभर तिला वाटलं, आत आहे ती आपण नव्हेच. मग बेल वाजली, आणि बाहेरचा आवाज मध्येच तुटला.

तिने साखळी लावूनच दार उघडलं. साखळी तिने स्वतः बसवून घेतली होती, इमारतीत दुसऱ्या कुणाच्या दाराला नव्हती. फटीतून दिसली एक विशीतली मुलगी, खांद्याला फुगलेली बॅग, हातात कोरी करकरीत प्लास्टिकची बादली, बादलीत ताट-वाट्या, तवा, गुंडाळलेली चादर. तिच्या मागे एक पायरी खाली तिचा बाप, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, बगलेत चटईची गुंडाळी. मुलीने साखळीवरून लतिकाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं. ओळखीचं माणूस गर्दीत सापडावं तसं. 'बाबा, ह्याच,' ती मागे वळून म्हणाली. बापाने चटईसकट हात जोडले. 'बाई, आमी तलासरीशी आलो. ही सुनिता. तुमच्याकडं रहायाला आनलीय.'

लतिकाला सगळं एकदम कळलं. पुढे जे झालं त्याबद्दल तिने मनाशी किती तरी सबबी मांडल्या, पण मला काहीच समजेना, मी गोंधळले होते, ही सबब तिला कधी वापरता आली नाही. त्या मुलीच्या हातातला फोन, त्यावर थांबलेली आपली निळ्या साडीतली तसबीर, उघडं तोंड, खिडकीकडे पसरलेला हात, हे दिसलं त्या घटकेला तिला समजलं की रूममेट म्हणून येणार होती ती पूर्वी नावाची मुलगी नुसतीच नाहीशी झाली नव्हती. ती हे घेऊन गेली होती.

आता लतिका म्हणजे सावध बाई. डहाणूच्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला ती मुलांना ऑनलाइन फसवणुकीपासून कसं जपायचं ते शिकवत असे. ओटीपी कुणाला द्यायचा? कुणालाच नाही! सगळा वर्ग एका सुरात ओरडे आणि शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेत. तिचं सगळं आयुष्यच असं कडीकोयंड्यातलं. चिंचणीला माहेरी आई म्हणायची, ही पोरगी जन्माला आली तीच आतून कडी लावून. स्थळं आली, लतिकाने त्यांची चौकशी केली, आणि चौकशीला एकही टिकलं नाही. एकाला तिने पगाराची पावती मागितली होती, तेही चहा-पोहे चालू असताना. आई गेली, भावाचा संसार त्याच्या घरात मावेनासा झाला, आणि लतिका डहाणूला मसोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत आली. बँकेतली रुचिता तिची रूममेट होती. ओले टॉवेल पलंगावर टाकायची, रात्रभर फोनवर खुसखुसायची, लतिकाला तिचा अगदी वीट आला होता. उन्हाळ्यात ती लग्न करून वापीला गेली आणि पहिल्याच आठवड्यात लतिकाला कळलं की ओल्या टॉवेलांवाचून पलंग फार मोठा आहे. कुकरला एकटीपुरता भात लावला की तो खाली लागतो. शाळेतून आलं की कुलूप काढल्यावर जी शांतता असते, तिच्याशी कुणी बोलायचं? सगळ्यांना तिने सांगितलं, भाडं वाटून घ्यायला कुणी तरी हवं. भाडं तिला जड नव्हतं. तिला माणूस हवं होतं, आणि हे सांगायची तिला लाज वाटत होती.

म्हणून तिने फेसबुकवरच्या खोल्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली, आणि टाकताना खाली लिहिलं, 'ओळखपत्राशिवाय संपर्क करू नये.' बाकीच्यांनी 'लोकेशन?' आणि 'लास्ट किती?' असं विचारलं. पूर्वीने लिहिलं, 'ताई, मलाही फसवणुकीची फार भीती वाटते. तुमची ही अट वाचून बरं वाटलं.' बदली होऊन डहाणूला येणार, एकटी, घरी आजारी पप्पा. लतिकाने तिच्याकडे काय काय मागितलं! ओळखपत्र, बदलीचा कागद, त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून फोटो. पूर्वीने कुरकुर न करता एकेक पाठवलं. लतिका ते फोटो मोठे करकरून बघे, शिक्के ताडून बघे, आणि तिला त्यात पेपर तपासतानाचं समाधान मिळे. बोलणं मात्र मेसेजवरच. पूर्वीचा घसा बसलेला असे, नाही तर पप्पा शेजारी झोपलेले असत. मग एका संध्याकाळी तिने लिहिलं, 'ताई, आता तुमचं पाठवा ना. पप्पांना तुमच्याइतकीच काळजी वाटते.' लतिकाला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्याकडे पुरावा मागितला नव्हता. म्हणजे तिच्यासोबत राहावं की नाही, याचा इतका विचारच कुणी केला नव्हता. तिने आधार कार्ड पाठवलं, शाळेचं ओळखपत्र पाठवलं, विजेचं बिल पाठवलं. आणि व्हिडिओ. त्यासाठी तिने घर झाडलं, पडदे बदलले, निळी साडी नेसली, फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवला, आणि स्वयंपाकघर, मोरी, माळा असं सगळं दाखवून झाल्यावर पुन्हा खिडकीशी येऊन ती म्हणाली, 'संध्याकाळी इथे बसून चहा घ्यायचा. एकटीला चहा गोड लागत नाही हो.'

हे शेवटचं वाक्य तिने ठरवलं नव्हतं. ते आपलं निघून गेलं. काढून टाकता येतं का, हे तिने बघितलं होतं, आणि मग राहू दिलं होतं. त्यानंतर पूर्वीचा नंबर बंद. लतिकाने स्वतःला शाबासकी दिली, एक पैसा गेला नाही, वाचले. आणि तरी कितीतरी दिवस फोन वाजला की ती ओले हात पदराला न पुसताच धावत होती.

'तुमच्याशी मेसेजवर बोलला आपला,' साखळीपलीकडून सुनिता सांगत होती. 'तुमचा गला बसलाय, असा लिवलेला तुमी. मंग हा व्हिडू धाडला.' तिला डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात काम लागलं होतं, सोमवारपासून हजर व्हायचं होतं, पाड्यावरून रोजचं येणं-जाणं परवडणारं नव्हतं. गवत विकून आलेले पैसे बापाने तिच्या फोनवरून डिपॉझिट म्हणून भरले होते. बापाचं नाव जिव्या. तो साखळीकडे बघत होता, पण तिचा अर्थ त्याला अजून लागलेला नव्हता. बाईंना दार उघडायला वेळ लागतोय, एवढंच तो समजला होता. 'मी कोनावर इस्वास नाय ठेवत, बाई,' तो म्हणाला. 'ही पोर सतरा रूमा दाखवी, मी बोललो नाय. मंग तुमचा बोलना ऐकला. शालेतल्या बाईवानी. लक्ष द्या, बोलल्यास. न तो च्याचा बोललास ना, मी बोललो, ही बाई खोटी नाय. आपली पोर हिच्याकडं राहील.'

तो हे अगदी सहज, जिन्यात घुमेल अशा आवाजात बोलला. गवतवाल्यांना मोकळ्यावर बोलायची सवय असते. लतिकाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चहाचं ते वाक्य कुणा परक्या पाड्यावर, चुलीपाशी बसून, माणसांनी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं होतं. आणि ते ऐकून कुणी हसलं नव्हतं. हेच तिला सर्वांत असह्य झालं. तिने साखळी काढायला हात वर केला. तो हात वर गेला होता, हे खरं आहे. पुढे ती स्वतःला हे बजावत राहिली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे देवेशभाई वर आले. सोसायटीचे सेक्रेटरी, चिकूचे व्यापारी, हातात दिवसभर वर्तमानपत्राची सुरळी. 'शुं थयुं, बेन? हे कोण लोक? गेट कोणी उघडला यांना?' मागे त्यांची बायको, तिच्या मागे वरच्या मजल्यावरची दोघं. जिव्याने त्यांनाही हात जोडले. सुनिताने मोठ्या विश्वासाने फोन पुढे केला, आणि देवेशभाईंनी बोट लावून व्हिडिओ सुरू केला. 'हा आपला हॉल...' सगळे ऐकायला वाकले. लतिका साखळीमागे उभी. मोरी झाली, माळा झाला. अजून थोड्या वेळाने ते खिडकीशी येईल, ही सगळी माणसं ते ऐकतील, उद्या पाण्याच्या टाकीपाशी, परवा भाजीवालीपाशी कुणी तरी म्हणेल, एकटीला चहा गोड लागत नाही हो. आणि शाळेत. शनिवारच्या शेवटच्या तासाला. तिने फटीतून हात बाहेर काढला आणि फोनवरची ती चौकट बंद केली.

'बेन, हा तुमचाच व्हिडिओ?' देवेशभाईंनी विचारलं.

'नाही,' लतिका म्हणाली. आणि एकदा नाही म्हटल्यावर पुढचं सगळं सुरळीत आलं, वर्गात येतं तसं. 'हल्ली एआयने कुणाचाही आवाज बनवतात, चेहरासुद्धा. शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो असतात, भाषणं असतात, ती उचलतात. मी मुलांना शिकवते हे. ती मी नाही.'

'म्हंजे?' जिव्याने विचारलं. 'ह्या तुमी नाय, बाई?'

'नाही.'

त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं संशयाचं नव्हतं. अवघड धडा समजून घेणाऱ्या मुलासारखं तो पाहत होता, आणि मग त्याने मान हलवली. समजलं. पटलं. मुलगी मात्र फटीतून आत बघत होती. 'बाबा, पडदं तेच हायत,' ती हळू म्हणाली. 'बघ ना. त्याच हायत ह्या.' लतिकाने दार आणखी ओढून घेतलं. आता चिरेतून तिचा एक डोळा तेवढा बाहेर होता.

'टोळी आहे,' देवेशभाईंनी निकाल दिला. 'आधी अशी साधी पोरगी पाठवतात, सामान आत जाते, मग बघा. ए पोरी, इकडे बघ.' आणि त्यांनी तिचा फोटो काढला. बादलीसकट. फोटो काढतायत म्हटल्यावर ती सवयीने नीट उभी राहिली, केस कानामागे सारले. जिव्या म्हणाला, 'चुकला आमचा, बाई. तुमचापन नाव बदनाम केला त्यांनी.' ती दोघं उतरू लागली. बादली प्रत्येक पायरीला आपटत होती, तवा वाजत होता. लतिका दाराला पाठ लावून ते ऐकत राहिली. हाक मारायला अजून वेळ होता. पहिल्या मजल्यापर्यंत होता, गेटपर्यंतही होता. मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि तिला, देवा, हायसं वाटलं.

दुपारपर्यंत तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. 'सावधान! रूममेट म्हणून घरात शिरणारी टोळी. लतिका मॅडमच्या हुशारीमुळे प्रयत्न फसला.' खाली हात जोडलेले, अंगठे, फुलं. संध्याकाळी तो शाळेच्या ग्रुपवर होता. सोमवारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'सावेबाई, परिपाठाला पाच मिनिटं बोला यावर. अनुभवाचे बोल मुलांना पोचतात.' ती बोलली. छान बोलली. मंगळवारी चिंचणीहून वहिनीने तोच फोटो पाठवला, कुणी तरी चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं, आणि आता ती गुजरातमधून आली होती, तिच्याकडे गुंगीचं औषध असतं असं खाली लिहिलं होतं. वहिनीला ठाऊकच नव्हतं की यातल्या मॅडम म्हणजे आपली नणंद. फोटोतली मुलगी मात्र तशीच उभी, नीट, केस कानामागे, एवढ्या मोठ्या घरातल्या माणसाने आपला फोटो का काढला ते न कळलेली. लतिका तो फोटो बोटांनी मोठा करून बघे. पूर्वीने पाठवलेले कागद ती असेच बघत असे. पूर्वीच्या कागदांत तिला एकही खोट दिसली नव्हती. इथे लबाडी कुठे दिसते का, निदान थोडीशी, आपल्यापुरती, हे ती शोधत होती. नव्हती. गळ्यात काळा दोरा, कुर्त्याच्या खिशाला पेन. नव्या कामाला जायचं म्हणून घेतलेलं पेन असावं.

शाळा सुटल्यावर ती सुनिताने जिन्यात नाव सांगितलेल्या त्या दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने नाव ऐकूनच नाक मुरडलं. 'ती? पहिल्याच दिवशी काढली तिला. फोटो नाही बघितलात?' मग लतिकाच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र वाचून म्हणाली, 'अय्या, तुम्हीच ना त्या मॅडम! बरं झालं हो, तुमच्यामुळे आम्ही वाचलो.' लतिकाने काही तरी बोलायला तोंड उघडलं तर मागचा पेशंट पुढे सरकला. पाड्याचं नाव तिने रजिस्टरवाल्या दादांना विचारून घेतलं. घरी येऊन तिने भात लावला आणि गॅस बंद करून तसाच ठेवला. आपल्याला लाज वाटते आहे की भीती, हे तिला ओळखता येईना. पोलिसांकडे जावं तर आधी म्हणावं लागेल, तो आवाज माझा. वहिनीला सांगावं, तरी तेच. कुठल्याही वाटेने गेलं तरी त्याच एका वाक्यापाशी यायला होत होतं, आणि ते वाक्य ज्याला पहिलं सांगायला हवं तो माणूस एकच होता.

शनिवारी ती रजा टाकून एस.टी.त बसली. चारोटीला गाडी हायवेला लागली, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाची माणसं उतरली, नारळवाल्याने खिडकीत हात घातला, आणि लतिका मनात पाठ करत होती. जिव्याभाऊ, तो आवाज माझाच होता. एवढंच. आधी हे, मग बाकीचं. मुलीला माझ्याकडे पाठवा, एक पैसा नको. दवाखान्यात मी येते, सोसायटीत मी सांगते. वर्गातल्यासारखं एक, दोन, तीन असं तिने ते लावून घेतलं. आपण ते खरंच म्हणणार आहोत याची तिला धास्ती वाटत होती, आणि कुठे तरी खोल, गेल्या आठ दिवसांत प्रथमच, जरा बरंही वाटत होतं. ट्रकांच्या रांगा मागे पडत होत्या. तलासरीहून तिने टमटम केली. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताचे पिवळे भारे रचलेले, मध्ये काळी जमीन, लांबवर कुडाची घरं.

जिव्या अंगणात भारा बांधत होता. तिला बघून त्याने दोरी सोडली, धोतराला हात पुसले, आणि आतून प्लास्टिकची खुर्ची आणायला स्वतःच धावला. 'बाई! एवढा लांब!' शेजारच्या अंगणातून माणसं बघू लागली. खुर्ची त्याने दोनदा पुसली. पाणी आलं. ते घेऊन आली ती त्याची बायको रूपी. सुनिता दाराच्या आत, अंधारात, एका बाजूला उभी होती. लतिकाला तिचा हात तेवढा दिसला, चौकटीवर धरलेला.

'बरा झाला आलास,' जिव्या खाली बसत म्हणाला. 'मना यायचा होता तुमच्याकडं माफी मांगायला. ही पोर ऐकं नाय. घरी आली तशी एकच, तो आवाज त्या बाईचाच, बाई खोटा बोलली. दवाखान्यातशी काढली तवा पन तोच. मी बोललो, शालेतली बाई, ती कशाला खोटा बोलंल? गप नाय राहिली. मंग मी हात उचलला, बाई. मोठी झाली तवापासना कंदी उचलला नव्हता.' त्याने स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. 'तोंडावर लागला. अजून जेवाया होत नाय तिला एके बाजूनी.'

तयार केलेली वाक्यं लतिकाच्या डोक्यातून पार निघून गेली. उरलं ते एकच, आणि ते ती म्हणाली. 'जिव्याभाऊ, तो आवाज माझाच होता.' तिने ते पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं. 'व्हिडिओ माझाच. मीच केला, मीच त्या बाईला पाठवला. मला लाज वाटली म्हणून मी नाही म्हटलं. तुमची मुलगी खरं बोलत होती.'

लतिकाला वाटलं आता जिव्या उठेल, शिव्या देईल, निदान खुर्चीवरून ऊठ म्हणेल. तिने त्याची तयारी ठेवली होती. त्यासाठीच ती आली होती, खरं तर. पण त्याच्या तोंडावर हळूहळू जे पसरलं ते हसू होतं, ओलसर, कृतज्ञ.

'बाई,' तो म्हणाला, 'तुमी मोठ्या मनाच्या. पोरीचा नाव राखायला आपल्यावर घेतास. मना समजते.' आणि मग आवाज खाली आणून, वडीलधाऱ्या माणसाने प्रेमाने रागवावं तसं, 'पन असा खोटा नका बोलू. तुमाला नाय शोभत.'

'नाही हो, खरंच—' लतिका म्हणाली. ती आणखीही पुष्कळ बोलली. निळ्या साडीचं सांगितलं, आधार कार्डाचं सांगितलं. जितकं ती सांगत गेली तितकी रूपी पदराने डोळे टिपत गेली, आणि जिव्या शेजारच्या अंगणाकडे वळून बघत राहिला, ऐकता ना, बाई आमच्या पोरीसाठी काय करतेय ते. मग त्याने आत हाक मारली.

'सुनिता, बाहेर ये. बाईच्या पाया पड.'

दारातला हात चौकटीवरून निघाला. सुनिता बाहेर उजेडात आली, अंगण ओलांडून खुर्चीपाशी आली. सुजलेल्या गालामुळे तिचा एक डोळा अर्धा मिटला होता. तिने लतिकाकडे पाहिलं नाही. ती खाली वाकली, आणि लतिकाला पाय मागे घेता आले नाहीत.